ओहोटीचा छंद

शनिवार-रविवारला लागून एखादी सुट्टी आली की मुंबई-पुण्याच्या गाड्या अलिबाग, काशीद, दिवेआगर, गणपतीपुळे, तारकर्लीच्या दिशेनं सुटतात. वडखळच्या आसपास तास-दोन तास अडकून मंडळी मुक्कामी पोहोचतात, खोलीत सामान टाकून वाळूत येतात आणि अर्ध्या तासात प्रश्न पडतो, आता करायचं काय? कंबरभर पाण्यात जाऊन झालं, मक्याचं कणीस खाऊन झालं, पोरांना घोडागाडीत फिरवून झालं, केळ्याच्या आकाराच्या रबरी होडीवर बसून ओरडून झालं. लाटांवर फळी टाकून उभं राहण्याचा खेळ आपल्याकडे फारसा रुजलेला नाही. दिवाळी ते होळी आपला समुद्र तसा निवांत असतो, आणि पावसाळ्यात लाटा उसळतात तेव्हा जीवरक्षक शिट्ट्या मारून सगळ्यांना बाहेर काढतात. उरलेला दीड दिवस मग मोबाईल, पत्ते आणि रात्री जेवायला सुरमई मिळेल का याची चौकशी.

या रिकाम्या वेळेवरचा एक उपाय चांगला पावणेदोनशे वर्षं जुना आहे. ओहोटी लागली की वाळू सोडायची आणि खडपाकडे वळायचं. पाणी मागे सरताना कातळाच्या खळग्यांत जे जे अडकून राहतं, ते वाकून बघायचं. याला तिकीट नाही, इंजिन नाही, पोहता येण्याची अट नाही. या साध्या करमणुकीचं कूळ मात्र साधं नाही. तिच्या वंशावळीत पोटासाठी राबणाऱ्या बायका आहेत, रोग्यांना खारं पाणी पाजणारा डॉक्टर आहे, एका पाद्र्याची विधवा आहे, एक कडवा धर्मोपदेशक आहे, काचेवरचा कर आहे आणि शेवटी गिरगाव चौपाटीच्या खडकांवर वाकलेली तरुण मुलंमुली आहेत.

सगळ्यात आधी अर्थातच भूक. ओहोटीला उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर माणूस पहिल्यांदा गेला तो खायला काय मिळतं ते बघायला. जगभरच्या किनाऱ्यांवर शिंपल्यांचे प्राचीन ढिगारे सापडतात, ते याच जेवणांचे. कोकणात हे काम आजही चालू आहे आणि ते बहुतेक बायकांच्याच वाट्याचं आहे. खाडीच्या तोंडाशी किंवा खडपावर उकिडवं बसायचं, हातातल्या लोखंडी हत्याराच्या टोकानं कालवाचं वरचं झाकण उडवायचं आणि आतला नखाएवढा गर न फाटता उचलून डब्यात टाकायचा. कालवाची कड पात्यासारखी धारदार असते. ही कामं करणाऱ्या बाईची बोटं बघितली की ते कळतं. चिखलात पायाच्या बोटांनी चाचपून तिसऱ्या शोधणं हे आणखी वेगळं कसब. वेळ मोजका, कारण पाणी कुणासाठी थांबत नाही. कुठल्या तिथीला किती वाजता कुठला कातळ उघडा पडतो, हे या बायकांना पाठ असतं. किनाऱ्याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात अचूक ज्ञान त्यांच्याकडे होतं आणि आहे. त्यांनी ते लिहून ठेवलं नाही, कारण तो त्यांचा छंद नव्हता.

वेळ घालवण्यासाठी माणसं किनाऱ्यावर यायला लागली ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून. इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या रिचर्ड रसेल या डॉक्टरनं १७५० साली लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहिला. गाठींच्या विकारांवर समुद्राचं पाणी गुणकारी आहे, असं त्याचं म्हणणं. रोग्यानं त्यात बुडी मारायची आणि वर ते प्यायचंही. ब्रायटन हे तोवर मासेमारांचं गाव. रसेलनं तिथे बस्तान बसवलं आणि बड्या घरचे रोगी त्याच्या मागोमाग आले. चाकं लावलेली लाकडी खोली घोड्यानं ओढत पाण्यात न्यायची, आत कपडे बदलायचे, पायऱ्यांवरून उतरायचं आणि खाली उभ्या असलेल्या तगड्या स्थानिक बाईनं धरून पाण्यात बुचकळून काढायचं, असा तो थाट होता. मार्था गन ही ब्रायटनची बाई या कामात एवढी नावाजली की तिची चित्रं निघाली. पण हे सगळं सकाळी आटपायचं. मग दिवसभर काय? वाळूतला तो आपला प्रश्न जन्मला तो इथे. उत्तरादाखल गावोगावी फिरती वाचनालयं, नाचाचे दिवाणखाने, पत्त्यांची टेबलं उभी राहिली. ज्यांना यातलं काहीच नको होतं, ते शंख-शिंपले वेचू लागले.

या कंटाळ्यातून पहिल्यांदा काही भरीव उभं केलं ते बायकांनी. डेव्हनच्या किनाऱ्यावर टॉर्की इथे अमेलिया ग्रिफिथ्स नावाची, पाद्र्याची विधवा राहायची. ती ओहोटीला जाऊन समुद्री शेवाळं गोळा करायची, ओळखायची आणि मोठमोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांना पाठवायची. विद्वानांच्या सभांची दारं तेव्हा बायकांना बंद होती. लंडनच्या लिनियन सोसायटीनं स्त्रियांना सभासद करून घेतलं ते थेट विसाव्या शतकात. शेवाळ वेचणं मात्र सभ्य घरात खपत होतं. स्वीडनच्या कार्ल आगार्ड यांनी १८१७ मध्ये शेवाळाच्या एका प्रजातीला ‘ग्रिफिथ्सिया’ नाव दिलं, ते या बाईंच्या सन्मानार्थ. त्यांच्याकडे पूर्वी कामाला असलेली मेरी वायट ही तर आणखी पुढे गेली. तिनं टॉर्कीत दुकान चालवलं आणि वाळवलेल्या शेवाळाची पुस्तकं विकली. त्यांत छापील चित्रं नव्हती. पानोपानी खरंखुरं शेवाळ चिकटवलेलं असायचं.

हे चिकटवणं बघण्यासारखं असतं. पसरट ताटात पाणी घ्यायचं, त्यात शेवाळ मोकळं सोडायचं, खालून जाड कागद सरकवायचा आणि दाभणानं एकेक फाटा नीट पसरत कागद तिरका करून हळूच वर उचलायचा. वर मलमलीचं फडकं, त्यावर वजन. बऱ्याच जातींना गोंद लावावाच लागत नाही. त्यांच्या अंगचाच चिकटपणा पुरतो. पाण्याबाहेर चिखलाच्या गोळ्यासारखं दिसणारं ते शेवाळ कागदावर वाळलं की त्याची नक्षी उमटते. ॲना ॲटकिन्स या बाईंनी याच्याही पुढची युक्ती केली. रसायन लावलेल्या कागदावर शेवाळ ठेवून त्यांनी तो उन्हात धरला आणि मग पाण्यानं धुतला. गडद निळ्यावर पांढरी आकृती उठून आली. १८४३ पासून त्या असे छाप जमवून पुस्तकाचे भाग काढत गेल्या. छायाचित्रांनी सजवलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून आज त्याचा मान आहे. छायाचित्रणाच्या इतिहासाची पुस्तकं त्याची सुरुवात शहरांत आणि चेहऱ्यांत शोधतात. पहिलं पुस्तक निघालं ते मात्र समुद्राच्या शेवाळाचं.

मार्गारेट गॅटी या लेखिका १८४८ मध्ये आजारातून उठल्यावर हवापालटासाठी हेस्टिंग्जला गेल्या आणि तिथे त्यांना शेवाळाचं वेड लागलं. १८६३ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. त्यात वेचायला जाणाऱ्या बायकांसाठी सल्ला आहे: मुलग्यांचे शिकारीचे बूट घाला आणि घागरा घोट्याच्या खाली येऊ देऊ नका. त्या काळात हा सल्ला छापायला धीर लागत होता. खडपावर घसरून पडलेल्या कुणालाही तो आजही पटेल, घागऱ्याचा भाग सोडून.

आता काचेकडे वळू. खळग्यातला जीव घरी नेता येत नव्हता, कारण पाणी दोन दिवसांत नासायचं. जान व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच बाईंनी सिसिलीत १८३२ च्या सुमारास काचेच्या पेट्या करून त्यांत समुद्री जीव पाळले होते. लंडनमध्ये ॲना थिन यांनी १८४६ मध्ये टॉर्कीहून जिवंत प्रवाळ नेले आणि ते जगवून दाखवले. युक्ती अशी की पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते रोज उघड्या खिडकीशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात बराच वेळ ओतत राहायचं. हे ओतण्याचं काम त्यांची मोलकरीण करायची. या कुळात पिढ्यान् पिढ्या असं कुणीतरी राबणारं आहे आणि त्याचं नाव कुठेच नाही. पुढे रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं १८५० मध्ये दाखवून दिलं की पेटीत पाणवनस्पती ठेवल्या तर त्या आणि प्राणी एकमेकांना जगवतात. मोलकरणीची सुटका झाली. त्याआधी १८४५ मध्ये इंग्लंडनं काचेवरचा कर उठवला होता, त्यामुळे पेटी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. रेल्वे १८४१ मध्ये ब्रायटनला आणि १८४८ मध्ये टॉर्कीला पोहोचली होती. दारूगोळा सगळा जमला होता, ठिणगी टाकणारा माणूस हवा होता.

तो होता फिलिप हेन्री गॉस. जन्म १८१०. न्यूफाउंडलंड, अलाबामा, जमैका असा हिंडलेला. किडे आणि पक्षी यांची विलक्षण सूक्ष्म चित्रं काढणारा. आणि प्लिमथ ब्रदरन या कडव्या ख्रिस्ती पंथाचा उपदेशक. प्रकृती बिघडली म्हणून १८५२ मध्ये तो डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला आणि तिथल्या खळग्यांत उतरला तो कायमचाच. १८५३ मध्ये त्याचं डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या भटकंतीचं पुस्तक आलं. त्याच वर्षी लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. जगातलं ते पहिलं सार्वजनिक मत्स्यालय, आणि त्यातले कित्येक जीव गॉसनं पुरवलेले होते. १८५४ मध्ये ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि त्या नावानिशी ती वस्तू घराघरांत शिरली. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द या अर्थानं रूढ करण्याचं श्रेयही बरंचसं त्याचंच. १८५५ मध्ये तो इलफ्राकोंबला फी घेऊन किनाऱ्यावरचे वर्ग घेऊ लागला. काळ्या कोटातला, कपाळाला आठ्या घातलेला हा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून समुद्रफुलाबद्दल बोलतोय आणि भोवती सुट्टीवर आलेल्या बायकापुरुषांचा घोळका, असं चित्र डोळ्यांसमोर आणावं. आजच्या शोअर वॉकचा, म्हणजे ओहोटीला किनाऱ्यावर काढलेल्या फेरीचा, हा पणजोबा.

वेड पसरायला वेळ लागला नाही. कादंबरीकार चार्ल्स किंग्जली यांनी १८५५ मध्ये किनाऱ्यावरच्या जीवांवर ‘ग्लॉकस’ लिहिलं. १८५६ च्या उन्हाळ्यात लेखक जॉर्ज हेन्री लुईस आणि पुढे कादंबरीकार झालेल्या जॉर्ज एलियट बाई हे जोडपं इलफ्राकोंब आणि टेनबीला ओहोटी साधत हिंडत होतं. लुईस यांचं ‘सी-साइड स्टडीज’ त्यातून आलं, आणि टेनबीच्या त्याच मुक्कामात एलियट यांच्या मनात पहिली कथा आकार घेत होती. इंग्रजी कादंबरीवरचं खडपाचं ऋण एवढं तरी मान्य करावं. १८५७ मध्ये जे. जी. वुड यांचं किनाऱ्यावरच्या नेहमीच्या जीवांवरचं स्वस्त पुस्तक आलं. ‘पंच’ साप्ताहिकानं व्यंगचित्र काढलं: ओहोटीच्या किनाऱ्यावर घेरदार झगे घातलेल्या बायका ओणव्या झाल्या आहेत, आणि दिसतात ते फक्त झगे.

या वेडाचं सगळ्यात चांगलं चित्र विल्यम डाइस या स्कॉटिश चित्रकारानं काढलं. केंटमधली पेगवेल बे, ५ ऑक्टोबर १८५८ची आठवण. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. पाणी दूर गेलेलं, ओलसर तपकिरी किनारा, मागे खडूचे कडे. पुढे चित्रकाराची बायको, मेहुण्या आणि लहान मुलगा. शाली गच्च लपेटलेल्या. शिंपले वेचायला आलेत, पण चौघांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना. वर आकाशात नीट बघितलं तर अंधूक रेघ दिसते, तो त्या साली आलेला डोनाटीचा धूमकेतू. चौघांपैकी एकाचंही तिकडे लक्ष नाही. सुट्टीतला माणूस कसा असतो हे इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कुणी रंगवलं असेल.

आणि मग जे व्हायचं ते झालं. गॉसनं लोकांना बघायला शिकवलं, पण त्याबरोबर हातोडा आणि छिन्नीही शिकवली. समुद्रफूल कातळाला घट्ट चिकटलेलं असतं; ते ओढलं तर फाटतं. म्हणून त्याच्याखालचा खडकच फोडून उचलायचा, ही त्याची शिफारस. एकट्यानं केलं तर किनाऱ्याला कळतही नाही. आगगाडीतून उतरलेल्या हजारोंनी केलं तेव्हा खळगे रिकामे झाले. घरी नेलेले जीव बहुतेक आठवड्याभरात मेले, आणि काही वर्षांत पेट्याही माळ्यावर गेल्या. गॉसचा मुलगा एडमंड यानं १९०७ मध्ये ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात हा हिशेब मांडला. लहानपणी बापाबरोबर बघितलेले खळगे कसे फुलबागांसारखे होते आणि गोळा करणाऱ्यांच्या फौजेनं ते कसे लुटले, हे त्यानं लिहिलं. बापाला पुढे याचं फार दुःख झालं, हेही त्यानं नोंदवलं आहे.

नमुने हवेत पण जीव टिकत नाहीत, या पेचातून एक अजब वस्तू निघाली. १८६३ मध्ये ड्रेस्डेनच्या संग्रहालयासाठी लिओपोल्ड ब्लाश्का या कारागिरानं काचेची समुद्रफुलं घडवली. समोर नमुना होता तो गॉसच्या पुस्तकातल्या चित्रांचा. ब्लाश्का बापलेकांची ती काच जगभरच्या संग्रहालयांत गेली आणि पुष्कळशी अजून शाबूत आहे. खळग्यातल्या खऱ्या फुलांपेक्षा ती जास्त टिकली.

हा सगळा उद्योग करायला मोकळा वेळ लागतो, आणि तो आपोआप मिळत नाही. इंग्लंडमध्ये बँक हॉलिडेचा कायदा १८७१ मध्ये सर जॉन लबॉक यांनी करवून घेतला. ते बँकर होते, डार्विनचे शेजारी होते आणि मुंग्यांचे अभ्यासक होते. जोडून सुट्टीचा जनक निसर्गवेडा निघावा, हे मला आवडतं. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी रविवारच्या सुट्टीची मागणी मान्य झाली. शनिवारी दुपारी गाडीत बॅगा टाकताना हे नाव आठवायला हरकत नाही.

आपल्याकडे हा छंद मात्र उशिरा आला. तसं पाहिलं तर रोप लावायला जागा होती. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. पण सोसायटीचा ओढा पक्षी, साप, शिकार यांकडे जास्त. पांढरपेशा मराठी माणसाचा समुद्राशी संबंध म्हणजे पर्वकाळी स्नान, नारळी पौर्णिमेचा नारळ, गणपतीचं विसर्जन आणि चौपाटीची भेळ. समुद्रातला जीव बघायचा तर तो ताटात, नाहीतर काचेमागे. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झालं आणि दोन-तीन पिढ्यांच्या सहली तिथे गेल्या. रांगेत उभं राहून काचेमागचा तारामासा बघायचा आणि रस्त्यापलीकडच्या समुद्राकडे पाठ करून बसमध्ये चढायचं. आम्हीही तेच केलं. रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं संग्रहालय अजूनही बघण्याजोगं आहे; तिथला देवमाशाचा सांगाडा मुलांना हलू देत नाही. तरी तेही काचेमागचंच.

पाठ फिरली ती २०१७ मध्ये. प्रदीप पाताडे आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ नावाचं काम सुरू केलं. गिरगाव चौपाटी, हाजी अली, जुहू, कार्टर रोड अशा ठिकाणी ओहोटीची वेळ साधून लोकांना खडपावर न्यायचं, दिसेल ते दाखवायचं, फोटो काढायचे आणि आय-नॅचरॅलिस्ट या संकेतस्थळावर नोंदवायचे. गटारांचं पाणी सोडलेल्या या किनाऱ्यावर काय असणार, अशी बहुतेकांची समजूत. निघालं ते असं: समुद्रफुलं, स्पंज, रंगीत समुद्री गोगलगायी, ऑक्टोपस, आणि हाजी अलीच्या कातळावर चक्क प्रवाळ. भारतीय वन्यजीव कायद्यानं वाघाइतकंच संरक्षण दिलेले हे प्रवाळ सिग्नलला थांबलेल्या गाड्यांपासून हाकेच्या अंतरावर होते. कोस्टल रोडचं काम आलं तेव्हा वरळी आणि हाजी अलीच्या प्रवाळ वसाहती २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली उचलून दुसरीकडे हलवल्या गेल्या. हलवलेलं रोप जगलं तरी मूळ जागा जाते ती जातेच. गॉसच्या काळी किनारा टोपल्यांनी गेला, आता भरावानं जातो. भराव टाकणारा वाकून बघतही नाही, म्हणून मला तो जास्त सलतो.

आणि पहिला हक्क कुणाचा, हेही विसरायला नको. वरळीच्या कोळ्यांनी त्याच रस्त्याशी वर्षानुवर्षं भांडण करून पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घेतलं, कारण होड्यांना ये-जा करायला जागा हवी होती. खडपावर आपण बघे म्हणून जातो. कालवं काढणारी बाई तिथे कामावर असते. तिच्या वाटेत उभं राहून फोटो काढू नये, आणि ती बोलायला तयार असेल तर पुस्तकापेक्षा तिचं ऐकावं.

बघायचं काय? कोकणातला कुठलाही खडप घ्या. गुडघाभर खोल, परातीएवढा खळगा पुरे. आधी काहीच दिसत नाही. सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूला उकिडवं बसायचं आणि थांबायचं. मग तळाशी पडलेला एक शंख चालू लागतो. तो गोगलगायीचा नसतो, रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा असतो. कडेला लाल-तपकिरी रंगाचा लिबलिबीत गोळा दिसतो; पाण्याखालचा असेल तर त्याला हळूहळू पाकळ्या फुटतात, आणि कोळंबीचं पिल्लू जवळून गेलं की त्या मिटतात. खडकावरचे पांढरे खरखरीत खवले म्हणजे बार्नेकल; पाणी आलं की त्यांची दारं उघडतात आणि पिसासारखे पाय बाहेर येऊन अन्न ओढतात. डोकं खडकाला चिकटवून जन्मभर पायानं जेवणारा हा प्राणी. डार्विननं त्यावर आठ वर्षं घालवली, आपण दहा मिनिटं द्यायला हरकत नाही.

काही पथ्यं आहेत. शेवाळलेला काळा कातळ तेल सांडल्यासारखा असतो, चपला नकोत, बूट हवेत. उचललेला दगड होता तसा, त्याच बाजूनं परत ठेवायचा. त्याच्या खालच्या अंगाला कुणीतरी राहत असतं. रंगीत शंकूसारखा शंख हातात घ्यायचा नाही, त्यातल्या काहींचा डंख विषारी असतो. वाळूतून जाताना पाय उचलून न टाकता घासत चालायचं, म्हणजे पाकट असेल तर बाजूला होते. २०१३ मध्ये दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला गिरगावात कित्येकांना पाकटांनी डंख केले होते. पावसाळ्यात खडपावर जायचंच नाही. रिकामा शंखही घरी आणायचा नाही, कारण खेकड्यांना घरं कमी पडतात. पाणी वळलं की आपणही वळायचं.

राहिली वेळ. त्यासाठी ॲप लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. अर्ध्या तासाचा फरक धरून चालायचं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही. तेव्हा खडपावर जाऊन पदरी काही पडत नाही. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, आणि त्यानंतरच्या द्वितीया-तृतीयेला पाणी सगळ्यात लांब जातं. २६ जानेवारी, २ ऑक्टोबर, नाताळ या सुट्ट्या इंग्रजी तारखेच्या, त्या कुठल्याही तिथीला पडतात. तेव्हा खोली ठरवण्याआधी तिथी बघून घ्या. आपले पुष्कळसे सण मात्र उधाणाला धरूनच येतात. धुळवड आणि गुढीपाडवा प्रतिपदेला, अक्षय्य तृतीया नावातच तृतीया. दिवाळीच्या सुट्टीत कोकणात असाल तर भाऊबीजेला सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. सहालाच निघा. ओवाळणी दुपारी झाली तरी चालते.